केशोरावांची मोटार मंडईला निघते

मंडई तोंडावर आली असताना केशोरावांच्या मोटारीचा रेडिएटर गळायला लागला. दुसऱ्या कुठल्या महिन्यात गळता तर कोणाचं काही बिघडलं नसतं, कारण ती मोटार वर्षातले बहुतेक दिवस गोंदियातल्या त्यांच्या घराशेजारच्या चिंचेखाली उभी असे आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या बसत. पण दिवाळी होऊन गेली होती. आमच्या धानाच्या मुलखात दिवाळी सरली की गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. ज्या गावची मंडई, त्या गावच्या लेकी घरधन्याला घेऊन माहेरी जातात, रात्रभर दंडार, म्हणजे सोंगांचं नाचगाणं, चालते आणि जावयांचे लाड होतात. केशोरावांचे लाड मात्र गेली तीन वर्षं झाले नव्हते, आणि त्याला कारण ते स्वतःच होते.

तीन वर्षांमागे ते सावित्रीबाईंना घेऊन असेच मंडईला निघाले. तिरोड्यापर्यंत रेल्वे होती. पुढे सासऱ्यांची बैलगाडी यायची होती, ती काही आली नाही. मग कचेरीतले कारकून केशोराव, इस्त्रीचा कोट, काळी टोपी आणि डोक्यावर ट्रंक अशा थाटात चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या त्या गावी पायी पोचले. भर मंडईत सासरे परसरामजी त्यांना पाहून मोठ्यांदा म्हणाले, "आले जी आमचे गोंदियाचे हमाल!" सगळी मंडई हसली. पानवाला हसला, फुगेवाला हसला, दंडारीतला बाईचं सोंग घेतलेला बाप्या तर पदर तोंडाला लावून हसला. केशोराव जेवले, झोपले आणि सकाळी निघताना, बैल जुंपायची गडबड चालू असताना, अंगणात उभे राहून म्हणाले, "आता या गावात येईन तो मोटारीतूनच. तोवर पाय ठेवणार नाही."

शपथ केशोरावांची आणि माहेर बंद झालं सावित्रीबाईंचं. दर दिवाळीला त्यांच्या आईचा, जमुनाबाईंचा, निरोप येई की डोळ्यांनी आता धड दिसत नाही, दिसतंय तोवर एकदा येऊन जा. केशोरावांचं मन काही दगडाचं नव्हतं. निरोप आला की ते दोन दिवस जेवायचे नाहीत. पण शपथ ती शपथ.

शेवटी, गेल्या सालची मंडई उलटल्यावर, मोटार आली. तेंदूपत्त्याचा एक ठेकेदार मुलूख सोडून चालला होता, तो ती चिंचेखाली सोडून गेला असं म्हटलं तरी चालेल. ती कुठल्या कंपनीची होती हे सांगता येत नसे, कारण समोरची पितळी पाटी ठेकेदारानं आठवण म्हणून काढून नेली होती. केशोरावांच्या तीन मित्रांनी मात्र ती मोटार पाहिली आणि त्यांच्या आयुष्याला अर्थ आला. पहिले शालीकराम मास्तर. यांच्या आजा-पणजांनी गावोगाव तलाव बांधलेले, त्यामुळे जिथे पाणी तिथे आपलं मत असलंच पाहिजे अशी त्यांची समजूत. दुसरे मुन्नालाल, धानाच्या गिरणीतले मुनीम, बोलणं अर्धं हिंदी आणि नाक इतकं तिखट की वासावरून तांदळाची जात सांगत. तिसरे भैयाजी. हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, आणि इंजिनांच्या इतक्या जवळ बसून वर्षं काढल्यामुळे आपण निम्मे इंजिनियर झालो आहोत असं त्यांना वाटे. चौघांनी मिळून ती मोटार इतक्यांदा खोलली आणि इतक्यांदा जोडली की दर वेळी दोन-चार स्क्रू उरू लागले. भैयाजींच्या मते ते स्क्रू कंपनीनं मुळातच जास्त दिले होते.

रेडिएटर गळतो म्हटल्यावर नागपुरास दुसरा मागवला. तो आलाही. भैयाजींनी स्वतःच्या हातानं तो गोदामात उतरवून घेतला, त्यावरची धूळ धोतरानं पुसली आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, "आला बरं का! काय चीज आहे! आरशासारखा चमकते."

"मग आणला का नाहीस?" केशोराव म्हणाले.

"बिल्टी कुठं आहे?"

बिल्टी, म्हणजे मालाची रेल्वेची पावती, टपालानं यायची होती. व्यापाऱ्यानं पत्ता घातला होता 'केशोराव मोटारवाले', आणि पोस्टमन ती बिल्टी घेऊन मोटार स्टँडवर कोणी केशोराव ड्रायव्हर आहे का ते विचारत फिरत होता. मालधक्क्यावर केशोरावांनी विनवण्या केल्या. टेबलापलीकडच्या भैयाजींनी त्यांना 'आपण' म्हटलं, बसायला स्टूल दिलं आणि बिल्टीवाचून माल सोडता येत नाही, असं अनोळखी माणसाला सांगावं तसं सांगितलं. संध्याकाळी तेच भैयाजी चिंचेखाली बसून त्या गोदामाच्या कारकुनाला शिव्या देत होते. आणि त्या शिव्या मनापासून होत्या.

मंडईच्या आदल्या दिवशीही बिल्टी आली नाही. शेजारच्या शकुंतलाबाईंनी गळणाऱ्या जागी डिंक लावायला सांगितला, समोरच्या सोनारानं लाख, आणि रस्त्यानं जाणाऱ्या एकानं तर गोमूत्र सुचवलं. डिंक लावला, तो वितळला. लाख लावली, तिचा वास सुटला. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले शालीकराम मास्तर उठले.

"बाहेरून लिपून काही होत नाही, केशोराव. तलावाच्या बांधाले, पाळीले झिरपा लागला त आमचा आजा काय करे? बाहेरून माती नोता थापत. पान्याच्या अंगानं कोंडा सोडे. पानीच त्या कोंड्याले वढत नेते अन भोकात नेऊन बसवते. हा रेडिएटर म्हंजे काय हाये? उभा तलावच हाये."

इतकं स्वच्छ बोलणं त्या चिंचेखाली आजवर कोणी बोललं नव्हतं. फक्त मुन्नालालना एक शब्द खटकला.

"कोंडा? मास्टरजी, कोंडा तो बैल खाते हैं. अपने केशोभैया की मोटार क्या बैल है? कनकी डालो, कनकी. पानी पीती है और फूलती है. भोक बुजलंच समजा."

कणकी म्हणजे तांदळाची चुरी, आणि ती फुगते हे गोंदियात कोणाला शिकवावं लागत नाही. मास्तरांनी कोंड्याचा आग्रह धरला, मुन्नालालनी कणकीचा, आणि भैयाजींनी 'जे गरम होतं ते फुगतं' असा निकाल दिला, जो दोघांनाही आपल्या बाजूचा वाटला. अखेर थोडा कोंडा आणि थोडी कणकी असं ठरलं. मूठभर रेडिएटरात सोडलं, हँडल मारलं, इंजिन जरा वेळ चालवलं. आणि काय आश्चर्य! धार होती तिथे थेंब आला, आणि थेंब होता तिथे नुसती ओल. चौघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. शकुंतलाबाई कुंपणापलीकडून हे पाहत होत्या. "मोटारीले पेज पाजून राहिले का जी? मंग बिनमिठाची कायले पाजता?" असं त्या म्हणाल्या, पण बायकांच्या बोलण्याकडे त्या घडीला कोण लक्ष देणार?

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो प्रेमामुळे. केशोरावांनी दिवे लागायच्या वेळी ती ओल पाहिली आणि त्यांना वाटलं, एवढ्यात काय जातंय, अजून एक मूठ टाकावी. टाकली. मग मास्तर शाळेच्या वह्या घरी टाकून मुद्दाम परत आले आणि आजाच्या पद्धतीत कमी पडायला नको म्हणून कोंड्याची एक पिशवीच सोडून गेले. मग मुन्नालाल गिरणीतून येताना रुमालात चिन्नोर या सुवासिक तांदळाची कणकी बांधून आले, कारण मित्राच्या सासुरवाडीला जाणारी मोटार, तिला हलका तांदूळ शोभला नसता. भैयाजी तर मालधक्क्यावरच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून आले होते, त्यांनी दोन्ही हातांनी टाकलं. कोणी कोणाला सांगितलं नाही. सांगून केलेल्या मदतीत काय मोठेपणा! आणि शकुंतलाबाईंनी मिठाचं काय केलं हे दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणालाच कळलं नाही. रात्रभर ते सगळं रेडिएटरात भिजत राहिलं.

सकाळी गल्लीनं मोटारीला कुंकू लावलं, नारळ फोडला. सावित्रीबाई नवं लुगडं नेसून, मांडीवर फराळाचा डबा घेऊन मागे बसल्या. शेजारी तीच ती ट्रंक होती. पुढे केशोराव आणि भैयाजी. मास्तर आणि मुन्नालाल दोन बाजूंच्या पायऱ्यांवर वरातीतल्या मशालवाल्यांसारखे उभे. खाली वाकून पाहिलं तर एक थेंब पाणी नाही. गळती पार बंद.

"पाळ धरली!" मास्तर ओरडले.

आणि मोटार खरंच छान चालली. कापणीला आलेला धान दोन्ही बाजूंना पिवळा झाला होता, ऊन कोवळं होतं, गुराखी पोरं मागे धावत होती. केशोरावांनी डोक्यावरची टोपी जरा तिरकी केली. सावित्रीबाईंना त्यांनी तीनदा विचारलं, "धक्के बसत नाहीत ना?" आणि त्या तिन्ही वेळा हसून नाही म्हणाल्या. तीन वर्षांत त्या इतक्या हसल्या नव्हत्या.

तिरोडा मागे पडलं तेव्हा मुन्नालालनी नाक वर केलं.

"कहीं चावल पक रहा है," ते म्हणाले. "नया चावल."

"मंडईचे दिवस आहेत. घरोघरी शिजत असेल," केशोराव म्हणाले.

गाव मागे गेलं तरी वास मागे जाईना. मुन्नालालनी डोळे मिटले. "चिन्नोर है," ते म्हणाले आणि एकदम त्यांचे डोळे उघडले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी भैयाजींकडे, भैयाजींनी दुसरीकडे. इंजिनातून आता गदगद आवाज येत होता, आणि तो आवाज स्वयंपाकघरात वाढलेल्या कोणत्याही माणसाला ओळखता आला असता. समोर तलावाची पाळ दिसत होती. पाळीच्या पलीकडच्या टोकाला सासुरवाडीची झाडं, मंडईची निशाणं आणि ढोलाचा आवाज. एवढं अंतर कापलं की झालं, म्हणून केशोरावांनी मोटार तशीच दामटली. ती पाळीच्या मध्यावर थांबली.

"झाकण उघडू नका," भैयाजी म्हणाले. हे त्यांनी आयुष्यात इंजिनाविषयी सांगितलेलं एकमेव बरोबर वाक्य. पण तोवर केशोरावांनी हातावर रुमाल गुंडाळून झाकण फिरवलं होतं. झाकण तलावात गेलं. त्याच्या मागून पेजेचा एक खांब उभा राहिला. सुदैवानं भाजण्याइतकी गरम पेज हवेतच निवली, आणि मग ती केशोरावांच्या टोपीवर, चष्म्यावर, कोटावर उतरली. मिशीला चिकटलेलं एक शीत त्यांनी नकळत जिभेनं टिपलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"यात मीठ कोणी घातलं?" ते म्हणाले.

त्यावर बराच वाद झाला. त्याच वादात कोणी किती मुठी टाकल्या तेही बाहेर आलं, आणि चार शहाणी माणसं एकमेकांकडे पाहत राहिली. खालची तोटी उघडली, तर तिच्यातून काही बाहेर येईना. तलावाकाठची काडी घातली, काडी आतच राहिली. तलाव भरून समोर पसरला होता, पण त्यातलं ओंजळभर पाणी आत जायला रेडिएटरात जागा नव्हती.

मंडईला निघालेल्या गाड्या पाळीवर येऊन थांबू लागल्या. कवडू नावाचा एक शेतकरी खाली उतरला, मोटारीभोवती फिरला, वास घेतला.

"काऊन जी, इथंच सैपाक मांडला? मंडईत जेवाले भेटते ना."

"मोटार तापली आहे. निवली की निघू," केशोराव म्हणाले.

"भात निवला का अजून घट्ट होते भाऊ. बसा माह्या गाडीत."

"आम्ही मोटारीनंच जाणार आहोत," केशोराव म्हणाले. मिशीला अजून शीत होतं, पण आवाजात कुठंही कमी नव्हती.

सावित्रीबाई इतका वेळ आत बसून होत्या. ढोलाचा आवाज वाढला. त्या म्हणाल्या, "अजी, किती वेळ लागन?"

"हे आता झालंच."

त्यांनी भैयाजींना विचारलं, "भैयाजी, तुमच्या रेल्वेचं इंजिन असं झालं त काय करता?"

"दुसरं इंजिन मागवतो, वहिनी," भैयाजी खाली मान घालून म्हणाले.

सावित्रीबाईंनी ट्रंक कवडूच्या गाडीत ठेवायला सांगितली. मग गाड्या पुढे सरकायची वाट न पाहता त्या उतरल्या आणि चपला हातात घेतल्या.

"शपथ तुमी घेतली होती. मी नोती घेतली," त्या म्हणाल्या. "माही माय तिकडं वाट पाहून राहिली. मी चालली."

आवाज चढला नव्हता. शपथ माझी, तुझी नाही, हे केशोरावच बोलतील म्हणून त्या तीन वर्षं थांबल्या होत्या, आणि ते बोलले नाहीत म्हणून आज त्या बोलल्या. डब्यावरचं फडकं डोक्यावर घेऊन त्या पाळीवरून भरभर निघाल्या, आणि त्यांना मागे वळून पाहायला वेळ नव्हता.

मित्र थोडा वेळ थांबले. मग मास्तरांना तलावाचं तोंड कसं बांधलं आहे ते पाहून यावंसं वाटलं. मुन्नालाल लोखंडी सळई कुठे मिळते का ते पाहायला गेले. भैयाजींनी तर काही कारणही सांगितलं नाही, ते नुसते कवडूच्या गाडीत बसले. केशोराव स्टिअरिंग धरून एकटे राहिले. बाजूच्या शेतातून एक शेळी आली आणि बॉनेट चाटू लागली. तिला हाकलायला त्यांनी भोंगा वाजवला. शेळीनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चाटू लागली.

केशोरावांना आधी सगळ्यांचा राग आला. मास्तरांच्या आजाचा आला, चिन्नोरचा आला, परसरामजींचा तर आलाच. मग पाळीच्या टोकाला सावित्रीबाईंचं लुगडं लहान होत होत झाडांत दिसेनासं झालं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. पेज अंगावर उडाली तेव्हा वाटलेली लाज लोकांपुढची होती. इथे तर पाहायला शेळीशिवाय कोणी नव्हतं, तरी त्यांचे कान तापले. बाईनं आईला भेटायला तीन वर्षं थांबावं आणि आपण टोपी तिरकी करून बसावं, हे त्यांना पहिल्यांदाच नीट दिसलं. ते खाली उतरले आणि चालू लागले.

गावात शिरताना त्यांनी छाती घट्ट केली होती. परसरामजी काय म्हणतील याची दहा तरी वाक्यं त्यांनी वाटेत तयार केली आणि प्रत्येकाला उत्तरही तयार केलं. पण मंडईत त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांचे डोळे दंडारीकडे. गर्दीतून परसरामजी आले आणि त्यांनी जावयाचे दोन्ही हात धरले.

"आले का जवाईबापू! गाडी नाही भेटली का जी? चला, हातपाय धुवा. जेवाचं झालं."

पानं मांडलेली होती. तिघे मित्र आधीच पाटांवर बसून केशोरावांची नजर चुकवत होते. सावित्रीबाई वाढत होत्या, आणि जमुनाबाई भिंतीला टेकून, लेकीच्या पावलांचा आवाज जाईल तिकडे मान फिरवत होत्या. केशोरावांनी पहिला घास घेतला, तोच परसरामजी हळूच म्हणाले,

"जवाईबापू, एक विचारू का? तीन साल झाले तुमी नाही आले. आमचं काही चुकलं का जी?"

केशोरावांनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. थट्टेचं नाव नव्हतं. म्हातारा सगळं विसरला होता. हमाल विसरला होता, अंगणातली शपथ तर त्यानं ऐकलीच नव्हती. केशोरावांची दहाच्या दहा उत्तरं फुकट गेली.

"यायले सुट्टीच नोती भेटत, बाबा," सावित्रीबाई म्हणाल्या. "सायब देत नोता."

परसरामजींनी घास खाली ठेवला. "कोन हाये तो सायब? इंग्रज का आपल्यातला?"

"आपल्यातलाच."

"आपल्यातला असून असा? म्हातारीचे डोळे गेले पोरीची वाट पाहून पाहून, अन त्याले दोन दिवस सोडता येत नाही? मानूस हाये का गोटा हाये? काहो जवाईबापू?"

"गोटाच," केशोराव म्हणाले. बोलणं भाग होतं.

"त्याले माय नाही का?" जमुनाबाईंनी विचारलं.

मास्तरांना एकाएकी ठसका लागला. भैयाजींनी त्यांच्या पाठीत जरुरीपेक्षा जोरात थोपटलं.

"मानूस वाईट नाही," सावित्रीबाई नवऱ्याच्या पानात तूप सोडत म्हणाल्या. "जरा हट्टी हाये. कोनी हासलं का मनाले लावून घेते."

"हासलं त हासलं! हासल्यानं काय आंगाले भोक पडते?" परसरामजी आता चांगलेच तापले होते. "मंग पुढच्या सालाचं काय? का येऊ मी गोंदियाले? त्याच्या दारातच बसतो."

सगळे केशोरावांकडे पाहू लागले. सावित्रीबाई तेवढ्या पाहत नव्हत्या, त्या तुपाचं भांडं तिरकं धरून थांबल्या होत्या.

"तुम्ही नका येऊ, मामाजी," केशोराव म्हणाले. "तो देईल सुट्टी."

"कायवरून?"

"मी विचारलं आहे त्याला. आजच."

"दोन दिवसांची नोको," सावित्रीबाई भांडं सरळ करत म्हणाल्या. "पंधरा दिवसांची म्हना."

"पंधरा दिवसांची," केशोराव म्हणाले, आणि मान खाली घालून जेवू लागले.